मावश्या केस सोडून जातात तेव्हा: नागपूरच्या एका होम केअर ब्युरोचं प्रकरण

हे प्रकरण नागपूरच्या एका छोट्या होम केअर एजन्सीचं आहे, लोक तिला ब्युरोच म्हणतात. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय किंवा बदललंय. मी तिथे नोकरीला नाही, पण मालकाशी जुनी ओळख आणि हिशेब, ड्युटी-रजिस्टर बघायला मदत करत होतो, म्हणून बऱ्याच गोष्टी आतून बघायला मिळाल्या. ज्यांना असा ब्युरो चालवायचाय किंवा ज्यांच्या घरी पेशंटचं करायला मावशी येते त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

पार्श्वभूमी

धंतोली-रामदासपेठेत हॉस्पिटलांची किती दाटी आहे ते नागपूरकरांना सांगायला नको. अख्खा विदर्भ तर येतोच, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगडकडचेही पेशंट इथेच येतात. ऑपरेशन होऊन जातं, आयसीयू संपतं, डिस्चार्ज मिळतो आणि मग घरच्यांची खरी पंचाईत सुरू होते. लकवा मारलेले आजोबा, खुब्याचं हाड बसवलेली आजी, नाकात नळी, लघवीची पिशवी, आणि घरात कोण तर दुसरी सत्तरीतली व्यक्ती. पोरगा पुण्यात, पोरगी अमेरिकेत, फोन दिवसातून चारदा येतो पण कूस बदलायला फोन कामाचा नसतो.

अशा घरांना हा ब्युरो माणसं पुरवतो. साठ-सत्तर मावश्या, थोडे ब्रदर (म्हणजे तेच काम करणारे पुरुष), ऑफिसात एक जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली सिस्टर, एक कोऑर्डिनेटर ताई आणि मालक. मावश्यांमध्ये थोड्याजणींनी जीडीएचा, म्हणजे पेशंटच्या मदतनिसाचा, छोटा कोर्स केलेला, बाकीच्या आधी कुठल्यातरी हॉस्पिटलात आया म्हणून होत्या किंवा सासू-सासऱ्याचं करता करता शिकल्या. एएनएम झालेल्या, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स केलेल्या, मुली येतात पण टिकत नाहीत, त्यांना हॉस्पिटलातच जायचं असतं आणि त्यात त्यांचं चुकतही नाही. ड्युटी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ किंवा उलट. पार्टीकडून, म्हणजे पेशंटच्या घरच्यांकडून, महिन्याला १८-२० हजार घ्यायचे, मावशीच्या हातात १२-१३ हजार पडायचे, मधल्या पैशात ऑफिस, सिस्टरच्या चकरा, रिप्लेसमेंटचा खर्च आणि मालकाचं घर.

पेशंट राहतात धरमपेठ, बजाजनगर, मनीषनगर, सिव्हिल लाइन्सला. मावश्या राहतात पारडी, कळमना, नंदनवन, यशोधरानगर, तिकडे हिंगण्याच्या बाजूला. म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

अडचण

रजिस्टर उघडून बसलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही की वर्षभर टिकलेल्या मावश्या होत्या, पण केसवर टिकलेल्या फार कमी. केस सुरू झाली की पहिल्याच महिन्यात चेहरा बदलायचा. मनीषनगरच्या एका आजीकडे एका उन्हाळ्यात इतक्या जणी येऊन गेल्या की आजीनं नावं विचारणंच सोडलं, जी येईल तिला "काय गं नवीन" म्हणायच्या.

घरच्यांना वाटतं मावशी बदलली तर काय झालं, दुसरी येते आहे ना. पण ह्या कामात अर्धी गोष्ट आठवणीत असते. आजोबांची डावी बाजू कमजोर आहे, म्हणून उठवताना कुठून धरायचं. डाळ किती पातळ केली की ठसका लागत नाही. संध्याकाळी पाचनंतर ते चिडतात, तेव्हा टीव्ही बंद करायचा. नवी मावशी आली की हे सगळं शून्यापासून. आणि हे सांगणार कोण, तर दारात चप्पल घालता घालता जुनी मावशी, तेही ती आली असेल तर. घरी एक वही असायची, तिच्यात रोज तेच, "जेवण केलं. शी झाली. झोपले." वर्षभराची वही वाचली तरी पेशंट आडवा आहे की उभा ते कळणार नाही.

मालकाचं म्हणणं ठरलेलं होतं. मावश्या खाडे करतात, उशिरा येतात, खोटं बोलतात, उचल घेतात आणि गायब होतात, पार्टीशी संधान बांधून डायरेक्ट काम धरतात. यातलं एकही खोटं नव्हतं. कोऑर्डिनेटर ताईचं म्हणणं वेगळं. ती म्हणायची, ह्या बाया काम सोडून घरी नाही बसून राहिल्या भाऊ, त्याच एरियात दुसऱ्याकडे जाऊन तेच करून राहिल्या, मग आपल्याकडेच काय काटे आहेत ते तर बघा. पण ताईकडे आकडे नव्हते आणि मालकाकडे चेकबुक होतं, त्यामुळे पहिल्या फेरीत कोण जिंकलं ते सांगायची गरज नाही.

कोणते पर्याय होते

पहिला, सरसकट पगारवाढ. बोलायला सोपं, पण पार्टी वाढीव द्यायला तयार नाही. दोन हजार वाढवले की ती शेजारच्या ब्युरोला फोन करते.

दुसरा पर्याय काही ब्युरो वापरतात तो, पहिला पगार डिपॉझिट म्हणून अडकवून ठेवायचा, ओरिजिनल कागदपत्रं ठेवून घ्यायची. मालकाच्या मनात हे होतं. सिस्टरनं स्पष्ट सांगितलं की बाईचं आधार कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून तिच्याकडून प्रेमानं पेशंटचं करून घेता येत नाही, आणि असं करणार असाल तर मी येणार नाही. तिथे तो विषय संपला. या प्रकरणातला सगळ्यात लवकर आणि सगळ्यात बरोबर झालेला निर्णय हाच, असं मला वाटतं.

तिसरा, तयार ॲप विकत घ्यायचं. चौथा, फोनवर जे आहे त्यातच, म्हणजे व्हॉट्सॲप, गूगल शीट आणि यूपीआय, एवढ्यात भागवायचं. हा चौथा तेव्हा कोणी गंभीरपणे घेतलाच नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. ॲपला डॅशबोर्ड होता, रंगीत.

पहिला निर्णय: ॲप घेतलं

ॲपची कल्पना मालकाच्या अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून आली. तिकडे २०१६ च्या ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स ॲक्टनं घरी दिल्या जाणाऱ्या सेवेसाठी इलेक्ट्रॉनिक व्हिजिट व्हेरिफिकेशन म्हणजे ईव्हीव्ही आणलं. मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, पैशातून कोणी केअरगिव्हर घरी जात असेल तर सहा गोष्टींची इलेक्ट्रॉनिक नोंद लागते: कोणती सेवा दिली, कोणाला दिली, कोणी दिली, तारीख, ठिकाण, आणि सुरू-बंद व्हायची वेळ. तिथे ते समजण्यासारखं आहे. पैसे सरकार देतं, केअरगिव्हर बऱ्याचदा दोन-चार तासांच्या व्हिजिटला जाते, एकट्या म्हाताऱ्या माणसाचं घर, ती खरंच आली होती का हे कोण सांगणार.

आता नागपूरचं घर बघा. गेटवर वॉचमन रजिस्टरवर सही घेतो, स्वयंपाकघरात सून नाहीतर आजी, हॉलमध्ये कॅमेरा, आणि मावशीला पाच मिनिटं उशीर झाला की पार्टीचा फोन ऑफिसला आधीच आलेला असतो. मावशी आली की नाही हा प्रश्न इथे नव्हताच. ती उद्या येईल का आणि पुढच्या महिन्यात असेल का, हा होता. दुसऱ्या देशाच्या दुखण्यावरची गोळी आपण घेतली, असं ताई नंतर म्हणाली आणि मला तरी त्याहून नेमकं काही सुचत नाही.

ॲपमध्ये जीपीएस हजेरी, ड्युटी सुरू करताना पेशंटच्या खोलीतून सेल्फी, आणि चाळीसेक टिकमार्कांची यादी, तीही इंग्रजीत. उशीर झाला की दंड आपोआप. मालकानं दंडाचं बटण पहिल्याच दिवशी चालू केलं.

मग जे व्हायचं ते झालं. बिल्डिंगच्या आतल्या खोलीत जीपीएस भरकटायचं आणि मावशी पेशंटच्या उशाशी बसलेली असताना ॲप तिला चौकात दाखवायचं. एका मावशीला सलग तीन दिवस दंड बसला, ती ऑफिसात येऊन म्हणाली, "मी काय पानठेल्यावर उभी राहून पेशंटले आंघोळ घालत होती का जी?" कोणाकडे उत्तर नव्हतं. बहुतेक मावश्यांचा फोन घरातला जुना, काहींचा पोरासोबत वाटून वापरायचा, डेटा दुपारपर्यंत संपलेला. रिचार्ज कोणी करायचा हे कोणी ठरवलंच नव्हतं. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती, पार्ट्यांच्या तक्रारी यायला लागल्या की मावशी सारखी मोबाइलवर असते. अहो, ती तुमच्यासाठीच टिकमार्क करत होती!

तक्रार झाली म्हणून मावश्यांनी फोन पिशवीत टाकून ठेवायला सुरुवात केली आणि संध्याकाळी निघायच्या आधी सगळी यादी एका दमात भरायला लागल्या. हे कधी उघडकीला आलं, तर एका अंथरुणाला खिळलेल्या काकांना बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला तेव्हा. ॲपमध्ये दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सगळ्या टिक होत्या, पण त्यांची वेळ बघितली तर सगळ्या रात्री पावणेआठच्या, पाठोपाठ. मालक म्हणाला, काढून टाका तिला. ताई म्हणाली, हिला काढाल तर बाकीच्यांच्या पण वेळा काढा आणि बघा. काढल्या. जवळपास सगळ्यांचं तेच होतं. म्हणजे खरंच कूस बदलली की नाही हे ॲपवरून कळायचा मार्गच उरला नव्हता, वहीत निदान अक्षर तरी ओळखू यायचं.

ह्याच काळात सोडून गेलेल्या पहिल्या मावश्या कोण होत्या ते फार महत्त्वाचं आहे. चांगल्या. ज्यांना उद्या दुसरीकडे काम मिळेल अशा. ज्यांना कुठे जायला जागा नव्हती त्या थांबल्या आणि टिकमार्क करत राहिल्या.

दुसरा निर्णय: आधी विचारा

इथे मालक ॲप बदलून दुसरं ॲप घ्यायच्या बेतात होता. ताईनं एवढंच मागितलं की त्याआधी सोडून गेलेल्या बायांना मला फोन करू द्या. भांडायला नाही, परत बोलवायला पण नाही, फक्त विचारायला. तिनं दुपारच्या वेळी, पेशंट झोपलेला असतो तेव्हा, एकेकीला फोन लावले आणि वहीत त्यांच्याच शब्दात लिहून घेतलं.

पगार कमी आहे हे सगळ्याच म्हणाल्या, पण सोडायचं कारण म्हणून ते पहिलं कोणीच सांगितलं नाही. पहिलं कारण तारीख. पगार सात तारखेला म्हणायचे, व्हायचा कधी दहाला, कधी पंधराला, आणि बचत गटाचा हप्ता, भिशी, खोलीभाडं कोणी थांबत नाही. दुसरं अंतर. पारडीहून मनीषनगर म्हणजे शेअर ऑटो, मग आणखी काहीतरी, मेमध्ये ४५ डिग्रीत रात्रपाळी करून दिवसा परत. तिसरं, पेशंटसोडून बाकीची कामं. "बसल्या बसल्या भांडी घासून टाका", "पाहुणे आलेत, चहा ठेवा", आणि स्वतःचा चहा मात्र वेगळ्या कपात. एक जण म्हणाली, आजोबाची शी काढायला मले काही वाटत नाही, पण त्या कपाचं वाटते. चौथं, पोरगं तापलं तर सुट्टी मागायची कोणाला, ऑफिस रात्री फोनच उचलत नाही.

बघा, यातल्या एकाही कारणाला त्या ॲपमध्ये बटण नव्हतं.

काय काय केलं

ॲप बंद केलं. कंपनीनं उरलेले पैसे दिले नाहीत आणि ड्युटीचा डेटा पण एक्सेलमध्ये काढून द्यायला टाळाटाळ केली, तो किस्सा वेगळा. मग तो दुर्लक्षित चौथा पर्याय बाहेर काढला.

सगळ्यात आधी पैसा. दर शनिवारी पगार यूपीआयवर. हजेरीसाठी मावशीनं ब्युरोच्या नंबरवर "आली" एवढं पाठवायचं, टाइप येत नसेल तर मिस्ड कॉल. पार्टीला त्याचा मेसेज जातो, तिनं संध्याकाळपर्यंत हरकत घेतली नाही तर दिवस धरला. झालं, एवढीच हजेरी. ऐकायला फार सोपं आहे पण आतून अवघड होतं, कारण पार्टी महिन्यानं पैसे देते आणि ब्युरो आठवड्यानं देणार, तर मधले पैसे आणायचे कुठून. इथे मालकाची आणि माझी बरीच वादावादी झाली. शेवटी नव्या प्रत्येक केसला पंधरा दिवसांचे पैसे आधी घ्यायचे ठरलं, जुन्या पार्ट्यांना हळूहळू त्यावर आणायचं. काही पार्ट्या तुटल्या. तुटल्या त्यातल्या बऱ्याच जणांचं पेमेंट तसंही रडतखडतच यायचं, पण हे नंतर कळलं, तेव्हा मालकाला घाम फुटला होता.

दुसरी अडचण कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. बऱ्याच जणींचा यूपीआय नंबर नवऱ्याचा. शनिवारी पैसे गेले की शनिवारीच संपायचे, कुठे ते सांगायला नको. ताईनं ज्यांना हवं होतं त्यांना सोबत नेऊन त्यांच्या नावानं जनधन किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खाती उघडून दिली. जबरदस्ती नाही केली. काही जणी नको म्हणाल्या, घरात भांडण होईल म्हणून, आणि त्यांचं त्यांना माहीत.

मग अंतर. गूगल शीटमध्ये प्रत्येक मावशीपुढे आणि प्रत्येक पेशंटपुढे पिनकोड आणि जवळचं मेट्रो स्टेशन टाकलं. २०२२ च्या डिसेंबरपासून आपल्याकडे मेट्रोच्या दोन्ही लाइन पूर्ण चालू आहेत, पारडीच्या बाजूची बाई प्रजापतीनगरला बसली की सीताबर्डीला बदलून खापरीच्या लाइनवर मनीषनगरच्या जवळ उतरते, किंवा लोकमान्यनगरच्या बाजूला सरळ जाते. म्हणजे नकाशावर लांब दिसणारं घर प्रवासाला जवळ असू शकतं आणि उलटही. आधी केस आली की जी रिकामी असेल तिला पाठवायचे. आता शीट बघून आधी प्रवास, मग नळी-कॅथेटरचं काम येतं का, मग पेशंटचं वजन. नव्वद किलोच्या काकांना उचलायला पंचेचाळीस किलोची बाई पाठवायची नाही, तिथे ब्रदरच. हे लिहिताना पण वाटतं की ह्यात सांगण्यासारखं काय आहे, पण आधी हे होत नव्हतं हे खरं.

कामाची यादी केली, एका पानाची, मराठीत आणि हिंदीत. पेशंटचं काय काय करायचं, आणि काय मावशीचं काम नाही. भांडी पेशंटची, घरची नाही. जेवायला अर्धा तास. केस सुरू व्हायच्या दिवशी पार्टी आणि मावशी दोघांच्या फोनवर एकाच वेळी जाते. वाद झाला तर मावशीला तोंड उघडायची गरज नाही, ताई फोन करते. रात्रीसाठी एक नंबर, आठवड्याला पाळीपाळीनं उचलायचा, मालकाची पण पाळी. मालकाच्या पहिल्या आठवड्यानंतर त्याचं मावश्यांबद्दलचं बोलणं जरा बदललं एवढं मी पाहिलंय.

आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. साठ-सत्तर माणसं आणि २१ हजारांच्या आतला पगार, म्हणजे हे आधीच असायला हवं होतं, मावश्यांना फ्रीलान्स म्हणून कागदावर दाखवलं होतं. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. बारा हजारावर मावशीचे नव्वद रुपये कटतात, त्यावरून सुरुवातीला कुरकुर झाली, एकीच्या नवऱ्याचं ईएसआयमधून ऑपरेशन झालं तेव्हा थांबली.

व्हॉइस नोट

काळजीचा दर्जा सुधारला तो मुख्यतः ह्यानं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टिकमार्क गेले. त्याऐवजी ड्युटी बदलताना मावशीनं सिस्टरला एक व्हॉइस नोट पाठवायची, आपल्या बोलीत, तीन प्रश्नांची उत्तरं: किती खाल्लं-प्यायलं, पाठ आणि टाचा बघितल्या तर कशा आहेत, आणि कालच्यापेक्षा वेगळं काय. हा तिसरा प्रश्न सिस्टरचा. ती म्हणाली, मावशीला बीपीचे आकडे नाही कळले तरी चालेल, पण बारा तास जी बाजूला बसते तिला वेगळं काय ते डॉक्टरच्या आधी कळतं.

पार्टीला ग्रुपमध्ये घ्यायचं का यावर खल झाला. आधी एका घरी घेऊन पाहिलं. ग्रुपवर मुलगा, मुलगी, जावई, आत्या, सगळे, आणि प्रत्येकाची वेगळी ऑर्डर. एक म्हणतो नारळपाणी द्या, दुसरी म्हणते पोटॅशियम वाढेल. मावशीनं दोन दिवसांत व्हॉइस नोट पाठवणंच बंद केलं. मग ठरलं, मावशी बोलणार सिस्टरशी, आणि घरच्यांना सिस्टर रोज चार ओळी लिहिणार. फोटोंचं पण ठरवलं: पेशंटचा फोटो ग्रुपवर नाही, जखमेचा काढायचाच असेल तर घरच्यांना विचारून फक्त सिस्टरला, आणि मग मावशीच्या फोनमधून डिलीट. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी कोणाच्या बापाच्या पाठीचा फोटो वीस फोनमध्ये फिरायला नको.

बजाजनगरची एक केस. लकव्याचे आजोबा, एअर मॅट्रेसवर. मेचे दिवस. सकाळी ड्युटीवर आलेल्या मावशीची नोट, ऑफिसात स्पीकरवर लावली तेव्हा मीही ऐकली: "सिस्टर, आजोबाच्या माकडहाडापाशी लाल झालं आहे. बोटानं दाबून पाह्यलं तं पांढरं नाही होऊन राह्यलं. अन् गादी आज मऊच लागून राह्यली, कालच्यासारखी फुगेल नाही." दाबल्यावर लाली पांढरी न होणं म्हणजे बेडसोरची पहिली पायरी, कातडी फाटायच्या आधीची. हे तिला सिस्टरनं दोन मिनिटांच्या व्हिडिओत शिकवलं होतं, फोनवरच शूट केलेला, स्वतःच्या हातावर दाबून दाखवलेला.

सिस्टर त्याच दुपारी गेली. एक्स्टेन्शन बोर्डवर दोनच पॉइंट, एकात टेबल फॅन, आणि रात्री कोणीतरी मॅट्रेसच्या पंपाची पिन काढून कूलरची लावलेली. उकडत होतं, कोणाला दोष देणार. वेगळा बोर्ड आणला, दोन-दोन तासांची कूस परत सुरू केली, लाली काही दिवसांत गेली. जखम झाली असती तर ड्रेसिंग, अँटिबायोटिक, कदाचित परत ॲडमिट. ह्यात "कूस बदलली का" असा टिकमार्क कितीही केला असता तरी कूलरची पिन दिसली नसती.

असे छोटे व्हिडिओ बरेच झाले. नाकातल्या नळीतून भरवताना डोकं ३० ते ४५ डिग्री वर आणि भरवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, लघवीची पिशवी बेडच्या खाली लटकवायची पण जमिनीला टेकवायची नाही, चादरीनं कसं सरकवायचं म्हणजे आपली कंबर जात नाही. शेवटचा मावश्यांनी आपसात सगळ्यात जास्त फॉरवर्ड केला, दुसऱ्या ब्युरोच्या बायांनाही. मालक थोडा नाराज झाला, सिस्टर अजिबात नाही.

निकाल

केसवर मावशी टिकायला लागली, हा मोठा फरक. पहिल्या महिन्यात बदलणारे चेहरे बरेच कमी झाले, खाडे कमी झाले, विशेषतः प्रवास जुळवलेल्या केसमध्ये. शनिवारचा पगार चुकला नाही तसं उचल मागणं जवळपास थांबलं, हे मला हिशेबात सगळ्यात स्पष्ट दिसलं. पार्ट्यांचे फोन आता "मावशी आली नाही" यापेक्षा "सिस्टरनं लिहिलंय त्याचं काय करायचं" असे जास्त असतात. सोडून गेलेल्यांपैकी काही जणी परत आल्या. डायरेक्ट काम धरलं तिथे हजार-दोन हजार जास्त मिळत होते, पण सुट्टी घेतली की पैसे कट आणि बदली माणूस नाही, म्हणून.

जे सुटलं नाही ते पण सांगतो. डायरेक्ट पळवणं चालूच आहे, ते कोणत्याही शीटनं थांबणार नाही. ब्रदर टिकत नाहीत, त्यांना हॉस्पिटलं ओढून नेतात. रात्रपाळीला अजून माणूस मिळत नाही, आणि मेट्रो रात्रभर चालत नसल्यामुळे अर्ध्या रात्री रिप्लेसमेंट पाठवायची तर मालकाची गाडीच निघते. आठवड्याच्या पगारामुळे मालकाला एक-दोनदा बाहेरून पैसे उचलावे लागले. आणि सगळा डोलारा त्या एका सिस्टरच्या कानावर उभा आहे, ती आजारी पडली त्या आठवड्यात व्हॉइस नोटा साचल्या आणि ऐकायला कोणी नव्हतं. दुसरी ठेवायची चर्चा आहे, पैशावर अडलंय.

वेगळं काय करता आलं असतं

ताईचे ते फोन ॲपच्या आधी व्हायला हवे होते. खर्च शून्य, आणि त्यानंतर ॲप घेतलंच असतं तर वेगळं घेतलं असतं. घेतलंच तर एका भागात, दहा मावश्यांवर महिनाभर चालवून, दंडाचं बटण बंद ठेवून. करारात आपला डेटा आपल्याला एक्सेलमध्ये मिळेल ही ओळ आधी टाकून. आणि फोनचा रिचार्ज ब्युरोनं द्यायचा, हे तर पहिल्या दिवशी. तुमच्या कामासाठी तिचा डेटा का जळावा?

मोजायचं काय यातही घोळ होता. मालक "ह्या महिन्यात किती जणी सोडून गेल्या" हे मोजायचा. पेशंटच्या बाजूनं बघितलं तर "एका पेशंटकडे एकच मावशी किती दिवस राहिली" हे मोजायला हवं, कारण ब्युरोत टिकलेली पण दर पंधरवड्याला घर बदलणारी मावशी पेशंटसाठी रोज नवीनच.

पंधरा दिवस आगाऊचा नियम जुन्या पार्ट्यांना फोनवर सांगितला, घरी जाऊन सांगितला असता तर दोन-तीन चांगल्या पार्ट्या वाचल्या असत्या असं ताईचं मत. माझं मत वेगळं आहे, ज्यांना पंधरा दिवसांचे पैसे आधी द्यायला जड जातं ती घरं पुढेही जडच जातात, पण केस तिनं सांभाळल्यात, मी नाही.

सध्या नवा वाद कॅमेऱ्याचा आहे. बाहेरगावची मुलं आई-बाबांच्या खोलीत कॅमेरा लावायचा म्हणतात, आणि त्यांची काळजी खोटी नाही. ब्युरोनं तूर्त असं ठरवलंय की कॅमेरा असेल तर केस घ्यायच्या आधी मावशीला सांगायचं, कपडे बदलायच्या-स्वच्छतेच्या वेळी तो बंद किंवा भिंतीकडे, आणि तिला नको असेल तर तिची ती केस नाही, पण त्यासाठी तिचं पुढचं काम थांबणार नाही. धरमपेठेच्या एका पार्टीला हे पटलं नाही, केस गेली. मालकानं मला विचारलं की नियम जरा ढिला करायचा का, ताईनं तोवर त्या मावशीला दुसऱ्या घरी पाठवून पण दिलं होतं.